परक्या जिभेचा रस्सा

२७ नोव्हेंबर १९५५, रविवार

आज मटणात खोबरं होतं.

भाजून, वाटून घातलेलं. पहिल्या घासालाच कळलं. आमच्या घरात मटणाला खोबरं लागत नाही. परभी समार, म्हणजे आम्हा प्रभूंचा घरचा मसाला, घातला की त्यातले गहू आणि हरभऱ्याची डाळ रसाला आपोआप दाटपणा देतात. त्यावर हिंग आणि लसूण. माझे आजोबा याच रसात पाव बुडवून खात, वडील खात, मी खातो. लग्न होऊन आली तेव्हा उर्मिलेला आईनेच शिकवलं, आणि अकरा वर्षांत तिचा हात बराचसा बसला होता. कधी मीठ पुढेमागे व्हायचं, ते मी त्या त्या वेळी सांगत आलो.

"हे कोणाच्या घरचं?" मी विचारलं.

"काही नाही, जरा बदल म्हणून."

"बदल मागितला होता कोणी?"

ती पाव वाढायला लागली. आईने मात्र दोनदा रस मागून घेतला. आईला दात नाहीत, ती रसावरच जेवते, तेव्हा तिच्या मताला फारसा अर्थ नाही.

गेल्या सोमवारी फोर्टात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाल्यापासून शहराचं चित्त ठिकाणावर नाही. महिला मंडळाच्या बायका जखमींना बघायला परळच्या इस्पितळात गेल्या, त्यांत उर्मिलाही गेली होती. मी हरकत घेतली नाही. माणुसकी म्हणून ठीक आहे. पण तिथून ती खोबरं का घेऊन आली ते समजत नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

आमटी लालभडक. तुरीच्या डाळीची साधी आमटी, चिंच-गूळ घातलेली, असं तिला दहा वेळा सांगितलेलं आहे. आजच्या आमटीने कानातून वाफा निघाल्या. तिच्या बोटांची टोकं पिवळी झाली आहेत आणि लुगड्याला धुराचा वास येतो. आमच्याकडे स्टोव्ह आहे. धूर आणला कुठून?

"मंडळात उशीर झाला," म्हणाली.

"मंडळात चूल आहे?"

"विणकामाचा वर्ग आहे," एवढं बोलून ती ताटं उचलायला लागली.

४ डिसेंबर, रविवार

दुपारी दारात एक माणूस आला. उंच, काळा, दात फार पांढरे. डोक्याला गांधी टोपी आणि खांद्यावर पोतं. ज्यांच्या घरचे जखमी आहेत किंवा तुरुंगात आहेत त्यांच्यासाठी भाकऱ्या गोळा करत होता. ठाकुरद्वारच्या सगळ्या वाड्यांतून असे लोक हिंडताहेत. मी दोन पाव दिले असते आणि दार लावलं असतं.

पण उर्मिला आतून आली ती हातात झाकण बांधलेलं पातेलं घेऊनच. म्हणजे तो येणार हे तिला ठाऊक होतं.

"दौलत, हे सरळ धरून ने. सांडेल."

"सांडतंय कशाला ताई? वाटंत कुनी धक्का दिला तर त्येलाच सांडीन," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. मग माझ्याकडे बघून त्याने "नमस्कार सायेब" केला.

तो गेल्यावर मी विचारलं, "याचं नाव तुला कसं माहीत?"

"इस्पितळात भेटला होता. गिरणीत आहे. साताऱ्याकडचा."

"ताई कशावरून झालीस त्याची?"

"सगळे म्हणतात, म्हणून तोही म्हणतो."

सगळे म्हणजे कोण? आई मध्येच म्हणाली, "बिचारा, किती वाळलाय." मला तो कुठूनही वाळलेला दिसला नाही.

११ डिसेंबर, रविवार

आज मटणाचा रस पाण्यासारखा पातळ आणि वर बोटभर लाल तेल. याला ते लोक कट म्हणतात. भाकरी कुस्करून खायचा हा रस्सा आहे, पावाने खायचा नव्हे.

मी याचा नीट विचार केला. बाई स्वयंपाक करताना कोणाची तरी जीभ डोळ्यांपुढे धरते. लग्न झाल्यापासून उर्मिला माझ्या जिभेसाठी रांधत आली. पंधरवड्यापूर्वी खोबरं आलं, ते कोकणातलं. आता हा तिखट पातळ रस्सा घाटावरचा. म्हणजे आमच्या पातेल्यात दुसऱ्या कोणाची तरी जीभ शिरली आहे, आणि ती साताऱ्याकडची आहे.

हे लिहून पुन्हा वाचलं. हास्यास्पद वाटत नाही.

तिला काही म्हणालो नाही. अर्धा तास ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी मुद्दामच काही म्हणालो नाही.

२५ डिसेंबर, रविवार

काल नाताळनिमित्त मोठ्या साहेबांनी ऑफिसातल्या आम्हा चौघा जुन्या लोकांना बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं. रोस्ट आमच्या जातीला नवा नाही, पण त्याबरोबर चिनी मातीच्या नावेसारख्या भांड्यातून आलेली ग्रेव्ही अप्रतिम होती. तपकिरी, गुळगुळीत, चमच्याच्या पाठीवर मखमलीसारखी बसणारी. मी त्यांच्या गोव्याच्या कुकला मुद्दाम विचारून घेतलं. मांस भाजून झालं की भांड्याच्या तळाला जे चिकटतं ते खरवडायचं, त्यातच थोडा मैदा परतायचा आणि वर हाडांचं पाणी सोडत ढवळायचं. मसाला नाही. नुसती मिरपूड.

आज ती उर्मिलेकडून करवून घेतली. मनात होतं, एकदा ही जमली की त्या लाल पाण्याचं वेड जाईल. मी शेजारी उभा राहून सांगत होतो. तिने मुकाट्याने सगळं केलं, गुठळी होऊ दिली नाही, रंग बरोबर आणला. मग चाखून म्हणाली, "चव चांगली आहे हो. पण एकट्याने खायची वाटते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चमचा चमचा घालून. रस्सा कसा, माणसं वाढली की वाढवता येतो."

"आपल्या घरात माणसं तीनच आहेत."

तिने ग्रेव्ही वाटीत काढली. ताटावर मी म्हटलं, "बरी झाली आहे. साहेबांकडची किंचित दाट होती." खरं तर हिचीच अधिक चांगली होती. पण सध्याच्या दिवसांत तिला डोक्यावर चढवण्यात अर्थ नाही.

४ जानेवारी १९५६, बुधवार

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

अर्धी रजा टाकून मी दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. उर्मिला निघाली. ती मंडळाच्या बाजूला वळली नाही. ट्राममध्ये बायकांच्या बाकावर बसली, मी मागे लोंबकळत राहिलो. लालबागला उतरली. मसाला कुटणाऱ्या डंकांचा तो ठसका, मला सारख्या शिंका येत होत्या. प्रत्येक शिंकेला वाटे, आता ही मागे वळून बघणार. तिने एकदाही बघितलं नाही. जिला कसली भीती नाही ती बाई जशी चालते तशी ती चालत होती.

एका चाळीच्या तळमजल्यावर खाणावळ आहे. कोणी गंगुबाई म्हणून साताऱ्याकडची विधवा चालवते. दाराबाहेरून सगळं दिसतं. आत चुलीवर घंगाळाएवढं पातेलं, पाट्यावर वाटण घेणारी मालवणकडची कोणी बाई, आणि पदर खोचून डाव हातात घेतलेली माझी बायको. गिरगावातल्या प्रभूंच्या घरची सून गिरणीवाल्यांच्या पंगतीत वाढत होती!

दौलत बसला होता. दुसऱ्यांदा रस्सा मागितला, तिसऱ्यांदा मागितला, आणि मग काहीतरी म्हणाला. गडबडीत मला ऐकू आलं नाही. ते ऐकून उर्मिला हसली. मान मागे टाकून, तोंडावर हात न धरता. सगळी पंगत तिच्याबरोबर हसली.

अशी हसताना मी तिला पाहिलेलं नाही. तिच्या तोंडात उजव्या बाजूची एक दाढ नाही हेही मला आज कळलं.

मी तसाच परत फिरलो. ट्राम न घेता भायखळ्यापर्यंत चालत आलो.

८ जानेवारी, रविवार

आज बोललो. चार दिवस धरून ठेवलं होतं.

"लालबागला कोणासाठी जातेस?"

तिच्या हातातली वाटी थांबली. पण ती घाबरली नाही. "गंगुबाईंच्या खाणावळीत. इस्पितळातल्या माणसांचे डबे तिथून जातात. बायका कमी पडतात."

"त्या दौलतचा डबा पण तिथूनच जातो वाटतं?"

"तो बावीस वर्षांचा आहे हो."

"वय विचारलं नाही मी."

तिने वाटी खाली ठेवली. "विचारायचं ते सरळ विचारा."

मला सरळ विचारता आलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी तो काय म्हणाला? एवढं काय हसलीस?"

"तुम्ही तिथे आला होता?" तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तो म्हणाला, ताई, हात धुवावासा वाटत नाही. एवढंच. तिथं जेवण कसं झालंय ते मला कोणाच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागत नाही. आधीच सांगतात."

"आणि इथे?"

"इथे तुम्ही सांगता."

हे तिने मान्य केलं हे बरं झालं. मी तिला स्पष्ट सांगितलं की यापुढे लालबाग बंद. मोठे साहेब चळवळीत असणाऱ्यांची नावं विचारत आहेत, माझी नोकरी आहे. ती "बरं" म्हणाली नाही, "नाही"ही म्हणाली नाही. विषय संपला असं मी धरतो.

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आईचं काय बिनसलं कोण जाणे.

१६ जानेवारी, सोमवार

मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, अशी घोषणा झाली. गल्लीत माणसं धावताहेत, दुकानांच्या फळ्या धडाधड पडताहेत. ऑफिसातून कसाबसा घरी पोचलो.

उर्मिला घरी नाही. आई म्हणते, दुपारीच गेली. कुठे ते विचारावं लागलं नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

आली नाही. कर्फ्यू लागला आहे. सकाळपासून गोळ्यांचे आवाज. समोरच्या इमारतीतल्या एका बाईला खिडकीत उभी असताना लागली म्हणतात. लालबाग-परळकडे तर फारच चालू आहे असं ऐकतो. निरोप पाठवायला माणूस मिळत नाही.

"मी तिला बजावलं होतं," मी आईला म्हटलं.

"आणि मी तिला जा म्हटलं होतं," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे. मीच सांगितलं, विणकामाचं नाव घे."

"आई!"

"रोज संध्याकाळी तू जिना चढायला लागलास की तिचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलेलं नाहीस, श्याम. मी समोर बसलेली असते. मी पाहिलंय."

आई म्हातारी झाली आहे. तिला भ्रम होतात. तरी मी आज जिन्यात जाऊन उगाच उभा राहिलो.

१९ जानेवारी, गुरुवार

घरात डाळ, तांदूळ, कांदे आहेत. आई पाटावर बसून सांगते, मी स्टोव्हपाशी उभा. आमटी खाली लागली. पुन्हा केली तर पाणी आणि डाळ वेगवेगळी. "घोट, घोटून घे आधी," आई म्हणते. घोटायचं म्हणजे किती, ते ती सांगू शकत नाही. "हाताला कळतं," म्हणते. माझ्या हाताला काही कळत नाही.

खरं काय ते इथे तरी लिहितो. ती मेली असेल असं मनात आलं की मी उठून जिन्यात जातो. आणि ती जिवंत आहे, तिथे त्या चुलीपाशी बसली आहे, आणि तो तिच्या शेजारी बसून तिला धीर देतो आहे, असं मनात आलं की तसाच उठून जिन्यात जातो. या दोन्हींतलं अधिक वाईट कोणतं, ते मला चटकन सांगता येत नाही. नवऱ्याला हे चटकन सांगता यायला हवं.

२३ जानेवारी, सोमवार

कर्फ्यू सैल झाला. ट्राम नाहीत. चालत निघालो. रस्त्यावर दगड, काचा, जळलेली लाकडं. भायखळ्याच्या पुढे पोलिसांनी दोनदा अडवलं. कंपनीचं नाव सांगितल्यावर सोडलं.

खाणावळीचं दार उघडं होतं. उर्मिला चुलीपुढे. केस पिंजारलेले, आठवडाभराचं एकच लुगडं. मला पाहून तिचा हात थांबला, एवढंच. तिला ओरखडाही नव्हता. मी काय काय बोलणार होतो ते सगळं गिळून, काय विचारलं तर, "दौलत कुठे आहे?"

कोपऱ्यात गंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माझा भाऊ न्हाई राह्यला, सायेब."

दौलत तिचा धाकटा भाऊ. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बुधवारी इस्पितळात डबे पोचवायला म्हणून निघाला. नाक्यावर गोळी लागली. रस्सा सगळा रस्त्यावर, असं गंगुबाई पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्याचं तेवढंच वाईट झालं होतं.

"बुधवारपासून ह्या बाईनं चूल इझू दिली न्हाई," ती म्हणाली. "मला उठवना. हिनंच समद्यास्नी घातलं."

उर्मिला डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. तेव्हा माझ्या मनात आलं, माझे वडील गेले तेव्हा ही इतकी रडली नव्हती. मी मेलो तर इतकी रडेल का? ज्याला जाळून पाच दिवस झाले त्या पोराचा मी त्या क्षणीही हेवा करत होतो. मग मी हात ठेवला. उशीर झाला होता. तिने तो हात बाजूला केला नाही, पण तिला तो जाणवला असंही दिसलं नाही.

"घरी चल," मी म्हटलं.

"रात्रीचं वाढून येते. तुम्ही बसा. नाहीतर पुढे व्हा."

मी बाहेर पायरीवर बसलो.

२९ जानेवारी, रविवार

आज मटण अगदी आमच्या घरचं झालं होतं. समार, हिंग, लसूण. खोबऱ्याचा कण नाही, कट नाही. दाटपणा बरोबर, मीठ बरोबर. अकरा वर्षांत इतकं बिनचूक कधी झालं नसेल. आईने अर्धी वाटी खाल्ली आणि सारली.

मीही फार खाऊ शकलो नाही. या रसात तिने काहीच घातलं नव्हतं. जे काही घालायचं ते ती आता तिकडेच घालून येणार, आणि मला माझं मापात मिळणार.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बुधवार आणि शुक्रवार मी लालबागला जाणार आहे. गंगुबाई अजून उभी राहत नाही. चोरून जायचं नाही म्हणून सांगते."

"साहेबांच्या कानावर गेलं तर?"

"तर तुम्ही सांगा, ऐकत नाही."

"ऐकत नाहीसच," मी म्हणालो. ती जरा हसली. तोंडावर हात धरून.

२२ फेब्रुवारी, बुधवार

बारा वाजता ऑफिसातून निघालो. पोटात दुखतं असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

खाणावळीच्या दारात गंगुबाईने विचारलं, "ताईस्नी बोलवू का?"

"नको. जेवायला आलो आहे."

बूट काढून पंगतीला बसलो. एका बाजूला गिरणीच्या साचेखात्यातला एक म्हातारा, दुसऱ्या बाजूला दोघे जण, भाऊ असावेत. ताटात भाकरी, कांदा, भात. कोणी माझ्या कोटाकडे फारसं बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे पलीकडच्या टोकाला, जिथून रस्सा यायला लागला होता.

उर्मिला बादली घेऊन येत होती. प्रत्येकाला काही ना काही बोलत होती. एकाला, "आज खोकला कमी दिसतो." दुसऱ्याला, "बायकोचं पत्र आलं का?" म्हाताऱ्याच्या ताटात रस्सा घालून तिने पुन्हा डाव बादलीत फिरवला, तळातून एक नळी शोधून काढली आणि त्याच्या भातावर ठेवली. माझ्या घरात नळी मला मिळते. या म्हाताऱ्याला तिच्यावर काय हक्क आहे?

मग ती माझ्यापुढे आली. तिने डाव बादलीत बुडवला. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. तिने एक डाव वाढला, इतरांना वाढला तेवढाच, आणि पुढच्या ताटाकडे गेली.

भाकरी कुस्करली. तिखट लागला, डोळ्यांतून पाणी आलं. खोबरंही होतं, कटही होता, आणि आणखी काहीतरी होतं जे मला ओळखता आलं नाही. माझ्या जिभेला ओळखता आलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मी ताट पुसून खाल्लं. म्हातारा नळी चोखत होता, त्याचा आवाज मला सहन होत नव्हता.

ती परत जवळून जाताना मी म्हटलं, "अगं, रस्सा फार सुरेख झालाय."

माझा आवाज मोठा गेला असावा. शेजारचे दोघे भाऊ वळून बघायला लागले. उर्मिला थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, मी तिखटाने बेजार झालो होतो.

"अजून थोडा वाढतेस?"

"वाढते," ती म्हणाली. "आधी त्या टोकाला नवीन माणसं बसलीत, त्यांना वाढून येते. थांबाल ना?"

"थांबतो," मी म्हटलं.

आणि हात न धुता, ती त्या टोकाला कोणाशी काय बोलते आहे ते बघत, मी थांबलो.